इंटरनेटवरील नाव उजवीकडून वाचावे

हल्ली कापड बाजारात कोणाचेही व्हिजिटिंग कार्ड हातात घ्या. गाळा नंबर, गल्ली, मार्केट, पिन कोड, मोबाईल, जी.एस.टी. नंबर आणि सगळ्यात खाली इंग्रजी अक्षरांची एक ओळ. तिच्या शेवटी डॉट कॉम नाहीतर डॉट इन. वरचा शब्द न् शब्द व्यापाऱ्याला कळतो. गाळा मालकीचा की पागडीचा, हे तो झोपेतही सांगेल. पण खालची ओळ कोणाच्या नावावर आहे, ती देतो कोण आणि काढून घेऊ शकतो कोण, असे विचारले तर बहुतेक जण "ते वेबसाईटवाल्या मुलाला माहीत" असे सांगून मोकळे होतात.

या ओळीला डोमेन नेम म्हणतात. आपल्या व्यापारी बांधवांची समजूत अशी की हा संगणकवाल्यांचा मामला आहे. आमचे मत वेगळे आहे. नावे कशी वाटावीत, कोणत्या गल्लीत कोणते दुकान असावे, गिऱ्हाइकाने ते कसे शोधावे, हा बाजाराच्या मांडणीचा प्रश्न आहे आणि बाजाराची मांडणी आपल्याला कळते. इंटरनेटवर ही मांडणी सुधारण्याचे प्रयत्न तीस वर्षे चालू आहेत. त्यातले बरेच फसले, एक-दोन साधले. ते का फसले आणि का साधले, हे समजून घेतले तर आपली पाटी सांभाळणे सोपे जाते.

एका मुनिमाची वही

इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक संगणकाची खरी ओळख म्हणजे एक नंबर. माणसाला नंबर लक्षात राहत नाहीत म्हणून नावे आली. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर चालणारे आर्पानेट नावाचे जाळे होते. त्यात संगणक मोजकेच, म्हणून कोणत्या नावाचा नंबर काय याची एकच यादी पुरत असे. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ती ठेवली जाई. नवा संगणक जोडायचा तर तेथे कळवायचे, यादीत नाव चढवून घ्यायचे आणि बाकीच्यांनी ताजी यादी आपल्याकडे उतरवून घ्यायची. सगळ्या बाजारासाठी एक मुनीम आणि एक वही, असा तो कारभार होता.

संगणक वाढले तशी ही वही पुरेना. यादी उतरवून घेईपर्यंत ती शिळी होऊ लागली आणि दोघांनी एकच नाव घेतले की तंटा. तेव्हा दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संस्थेत काम करणाऱ्या पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली नवी व्यवस्था मांडली. जॉन पोस्टेल हे त्यांचे सहकारी. मोकापेट्रिस यांनी वही मोठी केली नाही, तिची वाटणी केली. सगळ्यात वरच्या मुनिमाने, ज्याला रूट म्हणतात, फक्त एवढेच सांगायचे की कॉमची वही कोणाकडे आणि इनची कोणाकडे. इनच्या मुनिमाने एवढेच सांगायचे की अमुक पेढीची वही कोणत्या संगणकावर आहे. पेढीच्या आतल्या खोल्यांची नावे पेढीने स्वतः लिहावीत. कोणा एकाला सगळे ठाऊक असण्याची गरजच उरली नाही. आज कोट्यवधी नावे असूनही हीच व्यवस्था चालते. रूटच्या वहीच्या 'ए' पासून 'एम' पर्यंत तेरा गाद्या आहेत आणि त्यांच्या नकला जगभर शेकडो ठिकाणी ठेवलेल्या आहेत. त्यातल्या काही आपल्या मुंबईतही आहेत.

आता वाचण्याची रीत. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. शाळेत असताना मराठी आणि इंग्रजीचा तास आला की नजर उलटी फिरवावी लागे. पण डोमेन नेम वाचायला उर्दूची सवयच कामी येते. कारण नाव लिहिलेले असते डावीकडून, परंतु त्यातला अधिकार उतरत येतो उजवीकडून. उर्दू येत नसेल तर पोस्टमनकडे पाहावे. लिफाफ्यावर आपण वर माणसाचे नाव लिहितो आणि खाली शहर. पोस्टाची छाननी मात्र खालून वर होते. आधी शहर, मग मोहल्ला, मग घर, आणि माणूस शेवटी. (ब्रिटनच्या विद्यापीठांनी १९८० च्या दशकात नावाचा क्रमच उलटा ठेवला होता, आधी देश आणि मग संस्था. खरे तर तोच शहाणपणाचा होता. पण बाकी जग दुसरीकडून लिहीत होते. शेवटी त्यांना तो सोडावा लागला.)

ही केवळ गंमत नाही. हल्ली मोबाईलवर फसवणुकीचे संदेश येतात. त्यातल्या पत्त्यात सुरुवातीला एखाद्या मोठ्या बँकेचे नाव असते, मग डॉट, मग 'केवायसी अपडेट' असे काही आणि शेवटी डॉट कॉम. डावीकडून वाचणारा बँकेचे नाव पाहून विश्वास ठेवतो. उजवीकडून वाचा. डॉट कॉमच्या लगेच डाव्या बाजूला आहे 'केवायसी अपडेट'. म्हणजे मालक तो, बँक नव्हे. त्याच्याही डावीकडे जे लिहिले आहे ते त्याने स्वतःच्या वहीत लिहिलेले आहे आणि स्वतःच्या वहीत कोणीही काहीही लिहू शकतो. पत्त्यात पुढे तिरकी रेघ असेल तर वाचायला सुरुवात त्या पहिल्या तिरक्या रेघेच्या अगोदरपासून करावी. तिच्या पलीकडचा मजकूर म्हणजे दुकानाच्या आतली कपाटे. भारतात एक जास्तीची गोष्ट ध्यानात ठेवावी. शेवटी 'को डॉट इन' असेल तर ते दोन तुकडे मिळून एक गल्ली होते आणि मालकाचे नाव त्यांच्या डावीकडचे तिसरे.

सगळी दुकाने एकाच गल्लीत

१९८४ साली पाच गल्ल्या ठरल्या. व्यापारासाठी कॉम, शिक्षणासाठी एज्यु, अमेरिकी सरकारसाठी गव्ह, तिथल्या सैन्यासाठी मिल आणि कोठेच न बसणाऱ्या संस्थांसाठी ऑर्ग. नेट थोडी मागून आली. शिवाय प्रत्येक देशाला दोन अक्षरे, जसे आपल्याला इन. कॉममधले पहिले नाव मॅसेच्युसेट्समधील सिम्बॉलिक्स या संगणक कंपनीने १५ मार्च १९८५ रोजी घेतले.

नकाशा कागदावर छान होता. पण एज्यु, गव्ह आणि मिलच्या दारावर कोणीतरी उभा होता आणि कॉमच्या दारावर कोणीच नव्हते. व्यापारी आहात का, असे विचारणारा नव्हता. कोणत्या मालाचे, कोणत्या गावचे, हा तर प्रश्नच नाही. १९९५ सालापर्यंत नाव फुकट मिळत असे. त्यानंतर वर्षाला ५० डॉलर लागू लागले. पण तोवर वेब आले होते, धंदेवाल्यांची झुंबड सुरू झाली होती आणि जो तो कॉममध्येच घुसत होता. एकट्या कॉममध्ये आज पंधरा कोटींहून अधिक नावे आहेत.

त्यात व्यापाऱ्याची खरी अडचण कोठे आहे ते पाहा. दुकानांची नावे आपल्याकडे सारखी असतात. एकाच नावाचे 'टेक्सटाईल्स' भिवंडीत असेल, मालेगावात असेल, इचलकरंजीत असेल आणि सुरतेतही असेल. कोणाचे कोणावाचून अडत नाही, कारण गाव वेगळे, गिऱ्हाईक वेगळे. ट्रेडमार्कच्या कायद्यालाही हे मान्य आहे. त्याने माल आणि सेवा यांचे मिळून ४५ वर्ग केले आहेत. कापड २४ व्या वर्गात, तयार कपडे २५ व्या वर्गात. एकच नाव एका वर्गात कापडवाल्याकडे आणि दुसऱ्या वर्गात पंप बनविणाऱ्याकडे, असे राहू शकते. परंतु डॉट कॉममध्ये एक नाव एकालाच. वर्ग नाही, गाव नाही. जो पहिला आला त्याचे. बाजारात शंभर जण ज्या नावावर सुखाने धंदा करतात, ते नाव इंटरनेटवर एकाचे होते आणि नव्व्याण्णव जण नावापुढे काहीतरी शेपूट जोडत बसतात.

गाव जोडण्याचा प्रयोग झाला नाही असे नाही. अमेरिकेत पोस्टेल यांनीच यू.एस. या देशनावाखाली आधी राज्य, मग शहर, मग संस्था अशी पोस्टाच्या पत्त्यासारखी बांधणी केली होती. काही शाळा आणि नगरपालिकांनी ती वापरली. व्यापारी फिरकले नाहीत. नाव लांबलचक होई, आणि ज्याला सगळ्या देशात माल विकायचा त्याला एका शहराचे लेबल नको होते. आपल्याकडे उलट टोक गाठले गेले. इनची वही आधी जुहूच्या एन.सी.एस.टी. या सरकारी संस्थेकडे होती. नियम इतके कडक की २००४ सालापर्यंत फक्त सात हजारांच्या आसपास नावे नोंदली गेली. २००५ मध्ये ती निक्सी या संस्थेकडे गेली, दार उघडले आणि काही वर्षांतच आकडा लाखांत गेला. पण उघडताना पाटी आणि माल यांचा संबंध सुटला. 'को डॉट इन' कंपन्यांसाठी, 'फर्म डॉट इन' दुकान-पेढ्यांसाठी, असे नुसते लिहिलेले आहे. कोणीही कोणतेही घ्यावे.

नव्या गल्ल्या पाडून पाहिल्या

कॉममध्ये गर्दी झाली तर नव्या गल्ल्या पाडा, हा उपाय कोणालाही सुचेल. १९९७ साली एका आंतरराष्ट्रीय समितीने सात नवी शेवटे सुचविली. फर्म, शॉप, वेब, आर्ट्स, रेक, इन्फो आणि नॉम. वाद झाला, अमेरिकेच्या सरकारने थांबा म्हटले आणि ते सगळे बारगळले. १९९८ साली आयकॅन ही संस्था स्थापन झाली. तिने २००० साली पुन्हा सात निवडली. त्यात एअरो विमान व्यवसायासाठी, कोऑप सहकारी संस्थांसाठी, म्युझियम संग्रहालयांसाठी. या तिघांच्या दारावर तपासनीस होता, म्हणून त्यांना अर्थ राहिला, पण ती लहानच राहिली. बिझ आणि इन्फो मोठी झाली. त्यांच्याकडे पाहून मालाची काही कल्पना येते काय, हे वाचकांनीच सांगावे.

२०१२ साली तर दारे सताड उघडली. एका शेवटासाठी अर्जाची फी १,८५,००० डॉलर, तरी १,९३० अर्ज आले. शॉप या एका शब्दासाठी जानेवारी २०१६ मध्ये लिलाव झाला आणि तो ४ कोटी १५ लाख डॉलरला गेला. यातून छोट्या दुकानदाराला काय मिळाले? नाव घ्यायला जागा मिळाली, हे कबूल. पण गिऱ्हाइकाला काही मिळाले नाही. डॉट शॉप पाहून दुकान खरे आहे असे समजत नाही, कोणत्या गावचे तेही समजत नाही. उलट ज्याचा मार्का चालतो त्याला आता कॉम, इन, शॉप, स्टोअर अशी आपलीच पाटी पाच ठिकाणी विकत घेऊन कुलूप लावून ठेवावी लागते, दुसऱ्याने लावू नये म्हणून. हा खर्च म्हणजे गल्लीबोळात रिकामे गाळे भाड्याने घेऊन बंद ठेवण्याचा प्रकार आहे. नाव विकणाऱ्यांचा धंदा मात्र वाढला. २०२६ सालच्या फेरीत अर्जाची फी २,२७,००० डॉलर ठेवली गेली.

नावे रचून जे साधले नाही ते शोधणाऱ्यांनी आपल्या हातात घेतले. १९९४ साली स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी याहूची यादी सुरू केली. माणसे बसून एकेक साईट विषयवार लावीत, जुन्या टेलिफोन डिरेक्टरीच्या पिवळ्या पानांसारखी. साईट इतक्या झाल्या की माणसांना आवरेनात. मग गूगलसारखी यंत्रे आली आणि ती यादी २०१४ च्या अखेरीस बंद झाली. रिअलनेम्स नावाच्या कंपनीने आणखी एक युक्ती काढली होती. डॉट वगैरे नकोच, साधा शब्द टाईप करा, आम्ही पोचवतो. पण तिचा गाडा मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरवर चालत होता. २००२ साली मायक्रोसॉफ्टने करार संपविला आणि कंपनी मिटली.

याहून बोधक किस्सा २००३ चा आहे. कॉमची वही सांभाळणाऱ्या व्हेरीसाईन कंपनीने १५ सप्टेंबर रोजी कोणाला न विचारता असे केले की कोणी चुकीचे, अस्तित्वातच नसलेले नाव टाईप केले तर "असे नाव नाही" या उत्तराऐवजी कंपनीचे स्वतःचे शोधपान उघडावे. म्हणजे पत्ता चुकलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मुनिमाने हात धरून स्वतःच्या दुकानात न्यावे! जगभर ओरड झाली. चुकीच्या पत्त्याची पत्रे कोठे जातात ते कळेना, भामटी पत्रे ओळखणारी यंत्रे फसली. आयकॅनने बजावल्यावर ४ ऑक्टोबरला तो प्रकार मागे घ्यावा लागला. वही ज्याच्याकडे त्याने दलाली करू नये, हा बाजाराचा जुना कायदा आहे. तोच तेथे मोडला गेला होता.

आज बहुतेक गिऱ्हाइके नाव टाईप करीतच नाहीत. शोधयंत्रात दोन शब्द टाकतात आणि वर येईल त्यावर बोट ठेवतात. वर येणाऱ्यात पैसे भरून आलेलेही असतात. त्याला आमची हरकत नाही, दलालाला दलाली लागतेच. पण दलालाच्या भरवशावर राहणाऱ्याने आपली पाटी निदान स्वतःच्या मालकीची ठेवावी.

दारावर तपासनीस

आता जे साधले त्याविषयी. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केले की भारतातील बँकांसाठी 'बँक डॉट इन' ही वेगळी गल्ली राहील. नाव देण्याचे काम हैदराबादच्या आय.डी.आर.बी.टी. या एकाच संस्थेकडे आणि बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली डोमेन नावे तेथे हलवावीत, असा हुकूम निघाला. बिगर बँक वित्तसंस्थांसाठी 'फिन डॉट इन' ठरले. यात नवे तंत्र काहीच नाही. १९८३ सालची तीच व्यवस्था. फरक फक्त एवढा की दारावर माणूस उभा केला आणि परवाना असल्याशिवाय आत सोडू नये असे त्याला सांगितले. त्यामुळे प्रथमच साध्या खातेदाराला सांगता येते की उजवीकडून वाचा, 'बँक डॉट इन' असेल आणि तेही अगदी शेवटी असेल, तर बँक खरी. आमच्या मते नावांच्या व्यवस्थेत गेल्या कित्येक वर्षांत आपल्याकडे झालेली ही सगळ्यात कामाची सुधारणा आहे, आणि तिच्यावर शॉपच्या लिलावाच्या शंभराव्या हिश्श्याइतकीही चर्चा झाली नाही.

मग व्यापारालाही अशी एखादी गल्ली का असू नये? जी.एस.टी. नंबर तपासून नाव द्यावे, नोंदणी रद्द झाली की नाव गोठवावे. उधारीवर माल पाठविणाऱ्या भिवंडीच्या यंत्रमागवाल्याला समोरची पेढी खरी आहे एवढे जरी पाटीवरून कळले तरी पुष्कळ आहे. पण यात धोकाही आहे. जी.एस.टी.च्या मर्यादेखालचा कारागीर, चार हातमागांवर पैठणी विणणारा, घरी बसून कशिदा काढणारी बाई, यांचे काय? तपासनीस उभा राहिला की त्याच्यापुढे रांग लागते आणि रांग लागली की तिच्यात चहापाणी आलेच. एन.सी.एस.टी.च्या काळातली सात हजार नावे विसरून चालणार नाही. म्हणून अशी गल्ली ज्याला हवी त्याच्यासाठी असावी, सक्ती नसावी आणि नंबर तपासण्याचे काम यंत्राने करावे, साहेबाने करू नये.

आपल्या लिपीत पाटी

इंग्रजी अक्षरांशिवाय नाव घेता येते, हे अजून फार जणांना ठाऊक नाही. मे २०१० मध्ये इजिप्त, सौदी अरबस्तान आणि संयुक्त अरब अमिरातींची देशनावे अरबी लिपीत सुरू झाली. आपल्याकडे ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीत 'डॉट भारत' आले. ते मराठी, हिंदी, कोकणी धरून आठ भाषांना चालते. उर्दू लिपीतही भारत आहे. आता बावीस भाषांची सोय झाली आहे.

आत मात्र युक्ती आहे. जुनी व्यवस्था इंग्रजी अक्षरेच ओळखते, म्हणून आपले देवनागरी नाव आतल्या आत इंग्रजी अक्षरांच्या एका जंजाळात बदलते. त्याची सुरुवात नेहमी 'एक्स एन' आणि दोन आडव्या रेघांनी होते. आपल्या पाटीऐवजी कधी असे जंजाळ दिसले तर घाबरू नये, तीच पाटी आहे.

खरी पंचाईत शुद्धलेखनाची. 'भिवंडी' आणि 'भिवण्डी' माणसाला एकच, संगणकाला दोन नावे. एक तुम्ही घेतले तर दुसरे मोकळे राहते. उर्दूत तर याहून कठीण. उर्दूचा काफ आणि अरबीचा काफ, उर्दूची ये आणि अरबीची ये, यांना संगणकात वेगवेगळे क्रमांक आहेत. शब्दाच्या सुरुवातीला किंवा मध्ये आली तर उर्दू वाचणाऱ्याच्या पक्क्या डोळ्यालाही त्यांच्यातला फरक सहसा दिसत नाही. लिपीच्या जाणकारांच्या समित्यांनी अशा जुळ्या अक्षरांच्या याद्या केल्या आहेत, हेतू हा की एक नाव दिले की त्याचे जुळे दुसऱ्याला जाऊ नये. हे काम कोणाच्या नजरेत भरत नाही, पण फसवणूक तेथेच अडते. इंग्रजीतही हा खेळ चालतो. २०१७ साली एका संशोधकाने रशियन लिपीतली अक्षरे वापरून ॲपल कंपनीच्या नावासारखे हुबेहूब दिसणारे नाव नोंदवून दाखविले होते. आणि लिपी बदलण्याचीही गरज नाही. इंग्रजी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी छोट्या अक्षरात लिहा, घाईत 'एम' दिसतो. आपल्या नेहमीच्या गिरणीच्या नावाने "बँक खाते बदलले आहे, पुढचे पैसे या खात्यात भरा" असे ई-मेल आले, तर पत्ता एकेक अक्षर वाचावा आणि गिरणीला जुन्या नंबरवर फोन करावा. त्या ई-मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे.

देवनागरी पाटी घ्यावी काय? घ्यावी, पण जोडीला. आजही कित्येक फॉर्म आणि ई-मेलची यंत्रे असे पत्ते स्वीकारत नाहीत. बिलावर एकटी देवनागरी पाटी छापून भागणार नाही.

नाव कोणाच्या नावावर

आमच्या ओळखीच्या एका पेढीची वेबसाईट सहा वर्षे चालू होती. ती बनविणाऱ्याशी पैशावरून बिनसले तेव्हा कळले की नावाची नोंद त्या मुलाने स्वतःच्या नावावर केली होती. साईट गेली ती गेली, त्या नावावरचा ई-मेल गेला, आणि बिलबुकांपासून कापडी पिशव्यांपर्यंत छापलेली पाटी दुसऱ्याची झाली. तडजोडीने परत मिळाली, त्या तडजोडीचा आकडा सांगण्यात अर्थ नाही. म्हणून नोंद पेढीच्या किंवा मालकाच्या नावे, ई-मेल मालकाचा, मोबाईल मालकाचा, पासवर्ड तिजोरीत. बनविणाऱ्याला कामापुरती किल्ली द्यावी, खरेदीखत देऊ नये.

दुसरी गोष्ट मुदतीची. नाव विकत मिळत नाही, वर्षांच्या भाड्याने मिळते. १९९९ च्या नाताळात खुद्द मायक्रोसॉफ्ट 'पासपोर्ट डॉट कॉम' या नावाचे ३५ डॉलर भरायला विसरले आणि हॉटमेल वापरणाऱ्या कित्येकांची कवाडे बंद झाली. शेवटी एका परक्या प्रोग्रॅमरने ते पैसे स्वतः भरले. आपल्यासाठी कोणी परका भरणार नाही. डॉट कॉममध्ये मुदत संपल्यावर नोंदणी कंपनीच्या नियमांप्रमाणे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवस सवलतीचे असतात, पुढचे तीस दिवस जास्त पैसे मोजून सोडवून घेता येते. त्यानंतर पाच दिवसांनी नाव बाजारात पडते आणि अशा नावांवर टपून बसलेले लोक ते उचलतात.

कोणी मुद्दाम आपले नाव बळकावले तर कायदा आपल्या बाजूला आहे. १९९९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने याहूच्या आणि मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफच्या नावाची नक्कल करणाऱ्यांना मनाई केली. २००४ साली सत्यम इन्फोवेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की डोमेन नेमलाही मार्क्यासारखेच संरक्षण आहे. दुसऱ्याचा छाप आपल्या ताग्यावर मारून विकणे आणि दुसऱ्याचे नाव इंटरनेटवर लावून गिऱ्हाईक ओढणे, न्यायालयाच्या लेखी एकाच जातीचे. कोर्टाबाहेर लवादाचीही सोय आहे. इनच्या नावांसाठी निक्सीची आणि कॉमसाठी आयकॅनच्या नियमांखाली जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची. तेथे एका लवादापुढे एका नावासाठी १,५०० डॉलर फी पडते, वकील वेगळा. नाव दरवर्षी चालू ठेवण्याचा खर्च हजार-दीड हजार रुपयांच्या घरात असतो.

आपली नोंद तपासायची असेल तर आयकॅनच्या 'लुकअप' पानावर नाव टाकावे. इनच्या नावांसाठी इनच्या नोंदणी संस्थेच्या पानावर. पूर्वी तेथे मालकाचे नाव-पत्ता उघड दिसे. युरोपचा खासगी माहितीचा कायदा मे २०१८ मध्ये अमलात आल्यापासून ते बहुधा झाकलेले असते, त्यामुळे नकली पाटीवाल्याला शोधणे पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे. तरी नोंदणी कोणत्या कंपनीकडे आहे, कोणत्या तारखेला झाली आणि मुदत कधी संपते, या तीन गोष्टी तेथे दिसतात. मालकाचे नाव झाकलेले असेल तर त्या नोंदणी कंपनीच्या खात्यात स्वतः शिरून ते वाचावे. खात्यात शिरता येत नसेल, तर ते खाते कोणाचे आहे, हा प्रश्न वेबसाईटवाल्या मुलाला आजच विचारावा.